पहिल्यांदा रॅगब्राय करणाऱ्यांसाठी

जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात आयोवा राज्याच्या पश्चिम सीमेकडून हजारो सायकली निघतात आणि सात दिवसांनी पूर्वेला मिसिसिपी नदीपाशी पोचतात. मधे साधारण साडेचारशे मैल, म्हणजे सव्वासातशे किलोमीटर. दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, आणि दर दहा-बारा मैलांवर एखादं गाव. त्यातली काही गावं इतकी लहान असतात की एरवी नकाशावर शोधावी लागतील. याचं नाव रॅगब्राय, 'रजिस्टर्स ॲन्युअल ग्रेट बायसिकल राइड अक्रॉस आयोवा' या लांबलचक नावाचं लघुरूप. शिकागो, मिनीॲपोलिस, ओमाहा, डे मॉइन, एम्स या भागात मराठी माणसं भरपूर आहेत. ऑफिसात कुणीतरी "चल की या वर्षी" म्हणतं आणि मग प्रश्न सुरू होतात. त्या प्रश्नांसाठी हा लेख.

सुरुवात १९७३ ची. 'डे मॉइन रजिस्टर' या वृत्तपत्रातले जॉन कॅरस आणि डोनाल्ड कॉल यांनी सायकलवरून राज्य पार करायचं ठरवलं आणि वाचकांनाही पेपरातून आमंत्रण दिलं. तीनेकशे लोक जमले. सू सिटी ते डॅव्हनपोर्ट हा सगळा पल्ला त्यातल्या ११४ जणांनी पुरा केला. त्यांत क्लॅरन्स पिकर्ड नावाचे ८३ वर्षांचे गृहस्थ होते, बायकांच्या श्विन सायकलवर, ऑगस्टच्या उन्हात (तेव्हा राइड ऑगस्टमध्ये झाली होती) आतून लोकरी कपडे घालून. "मला जमेल का?" असं विचारणाऱ्या नवख्याला हमखास पिकर्डआजोबांचा दाखला देतात. दाखला खरा आहे, पण अर्धाच उपयोगी. त्यांच्या आजूबाजूला तीनशे लोक होते. आता आठवडाभर चालवणारेच कित्येक वर्षं साडेआठ हजारांच्या घरात असतात, शिवाय एकेका दिवसापुरते येणारे वेगळे. अंतर बहुतेकांना जमतं. नवखा माणूस अडतो तो गर्दीत, उन्हात आणि सीटवर. तयारीही त्याच क्रमाने नको, उलट्या क्रमाने करायची: आधी सीट, मग ऊन, मग गर्दी.

जानेवारी: मार्ग वाचायचा कसा

मार्ग दरवर्षी वेगळा असतो आणि जानेवारीच्या अखेरीस जाहीर होतो. २०२३ मध्ये पन्नास वर्षांच्या निमित्ताने पुन्हा सू सिटी ते डॅव्हनपोर्ट झाला, २०२४ मध्ये ग्लेनवुड ते बर्लिंग्टन, २०२५ मध्ये ऑरेंज सिटी ते गटेनबर्ग. २०२५ चा मार्ग ४०६ मैलांचा, म्हणजे नेहमीपेक्षा बराच आखूड होता.

नकाशा हातात आला की सगळे आधी एकूण मैल बघतात. तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी बघा. एक, सर्वांत लांब दिवस कितव्या क्रमांकावर येतो. तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आला तर बूड अजून सरावलेलं नसतं. दोन, चढ. आयोवा सपाट आहे ही अफवा विमानातून बघणाऱ्यांनी पसरवलेली आहे. पश्चिमेच्या लोएस टेकड्यांत आणि ईशान्येच्या कोपऱ्यात चढउतार चांगलेच दमवतात, आणि ते एका घाटासारखे एकदाच येऊन संपत नाहीत. उतरलात की लगेच पुढचा समोर उभा. तीन, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं: दोन गावांमधलं अंतर. दुपारी दोनला पंधरा-अठरा मैलांचा टप्पा असेल आणि मधे गाव नसेल, तर त्या दिवशी पाणी कुठे भरायचं हे आदल्या रात्रीच ठरवायला हवं.

नोंदणी पूर्ण आठवड्याची किंवा एकेका दिवसाची करता येते. एकच दिवस करून बघावा असा सल्ला बरेच जण देतात. मला तो पटत नाही. रस्ता गोल फिरून परत येत नाही. सकाळी ज्या गावात गाडी लावाल तिथून संध्याकाळी साठेक मैल दूर असाल, आणि तुम्हाला परत न्यायला कुणीतरी लागेल. शिवाय पहिला दीड दिवस नुसता रिवाज समजण्यात जातो. सुट्टी मिळत असेल तर सगळा आठवडा करा, नाहीतर सलग तीन दिवस.

याच सुमाराला जाण्यायेण्याचा बेत ठरवा. सुरुवातीचं आणि शेवटचं गाव राज्याच्या दोन टोकांना असतं. सोयीचं म्हणजे गाडी शेवटच्या गावात लावून बसने सुरुवातीला जाणं. सायकल सोबत ट्रकमधून येते. ही व्यवस्था करणाऱ्या चार्टर कंपन्या असतात. त्यांतल्या काही तंबू उभारून देतात आणि सकाळी काढूनही ठेवतात. पैसे जास्त जातात. तरी पहिल्या वर्षी जमलं तर घ्याच, पहाटे पाच वाजता ओलाचिंब तंबू पिशवीत कोंबायचा त्रास वाचतो. चार्टर नको असेल तर आयोजकांचे ट्रक नोंदणीकृत रायडरची एक बॅग रोज पुढच्या मुक्कामी पोचवतात.

एप्रिल ते जुलै: सराव

रोजची सरासरी ६५ मैलांच्या आसपास धरा, शंभर किलोमीटरहून थोडं जास्त. ताशी १२ मैलांच्या निवांत वेगाने सीटवर साडेपाच तास. थांबे धरून आठ-नऊ तास. एकदा शंभर किलोमीटर जाणं तसं कठीण नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सीटवर पुन्हा बसणं कठीण आहे, आणि सराव त्याचाच हवा.

म्हणून शनिवार-रविवार जोडून चालवा. एप्रिलमध्ये शनिवारी तीस किलोमीटर, रविवारी वीस. दर आठवड्याला थोडं वाढवत जा. जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दोन दिवस लागोपाठ ८०-९० किलोमीटर झाले तर तुम्ही तयार आहात. आठवड्यात मधे दोनदा तासभर पुरे. शक्य असेल तर जूनपासून निदान एक फेरी मुद्दाम दुपारी काढा. उन्हाची सवय शरीराला व्हायला दहा-पंधरा दिवस लागतात, आणि वातानुकूलित ऑफिसात बसून ती होत नाही.

सायकल कोणतीही चालते. २८ ते ३२ मिलिमीटर रुंदीचा टायर उत्तम. त्याहून बारीक नको, कारण पुढे रस्त्यांच्या भेगांबद्दल सांगणार आहे. महिनाभर आधी दुकानात दाखवून ब्रेक, चेन, केबल तपासून घ्या. टायर झिजला असेल तर तेव्हाच बदला. सीट, शूज, पॅडवाली शॉर्ट यांपैकी काहीही शेवटच्या दोन आठवड्यांत नवीन आणू नका. पॅडवाल्या शॉर्टखाली चड्डी घालायची नसते. कुणी हे सांगायला लाजतं आणि नवखा माणूस पहिल्याच दिवशी सोलवटून बसतो. आत क्रीम लावा, संध्याकाळी पोचल्या पोचल्या शॉर्ट बदला, धुवा, वाळत घाला. निदान तीन जोड हवेत. दमट हवेत एका रात्रीत कपडे वाळतीलच असं नाही.

बॅग

आयोजकांच्या ट्रकमध्ये बॅगेचं वजन ५० पौंडांपर्यंत चालतं. सगळ्यांच्या बॅगा काळ्या किंवा निळ्या असतात आणि संध्याकाळी त्यांचा डोंगर होतो. भडक ओढणीची पट्टी बांधा, लांबून दिसेल. आतले कपडे दिवसागणिक प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधा, पावसात बॅग भिजली तरी चालेल. कानात घालायचे बोळे विसरू नका. या गावांतून मालगाड्या रात्रभर जातात आणि प्रत्येक फाटकावर भोंगा वाजवतात.

सायकलवर सोबत: दोन ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, पंप, दोन मोठ्या बाटल्या, पातळ रेनकोट, मागचा लाल दिवा, सनस्क्रीन. आणि सुटे डॉलर. चर्चच्या बायका 'पाय' (pie, कवचात गोड सारण भरून भाजलेला पदार्थ) विकतात तिथे बऱ्याचदा रोखच चालते, आणि हजार वस्तीच्या गावात दहा-पंधरा हजार फोन एकदम आले की नेटवर्क मान टाकतं. मित्रांना भेटायचं असेल तर सकाळीच जागा आणि वेळ ठरवून निघा.

सकाळी सहाला निघा

साडेपाचला जाग आपोआप येते, शेजारच्या शंभर तंबूंच्या चेन उघडत असतात. सहाच्या सुमारास निघालात तर दहापर्यंत अर्धं अंतर मागे पडतं. आठला निघणारा माणूस उरलेलं अर्धं अंतर दुपारच्या उन्हात कापतो.

एक धोका मात्र याच वेळचा. तुम्ही पूर्वेला चाललेले असता, म्हणजे सकाळचा सूर्य थेट डोळ्यांत. तुम्हाला गॉगलने भागेल, पण मागून येणाऱ्या गाडीवाल्यालाही तोच सूर्य दिसत असतो. मागचा दिवा दिवसाउजेडीही चालू ठेवा. वाऱ्याचं म्हणाल तर पश्चिम-पूर्व मार्गाने पाठीवर वारा मिळेल असं म्हणतात. प्रत्यक्षात आयोवात उन्हाळ्यात तो बऱ्याचदा दक्षिणेकडून येतो आणि उजव्या खांद्याला रेटत राहतो.

गर्दीत चालवणं

इथे जरा थांबून वाचा. अपघात बहुतेक एकमेकांमुळेच होतात.

हात दाखवण्यापेक्षा इथे ओरडायची पद्धत आहे. ओलांडताना "ऑन युअर लेफ्ट". थांबून परत रस्त्यावर येताना "रायडर ऑन", बाहेर पडताना "रायडर ऑफ". समोरून गाडी आली तर "कार अप", मागून आली तर "कार बॅक". "रंबल्स" ऐकू आलं की हँडल नीट धरा; काउंटी रस्त्यांवर 'स्टॉप'च्या पाटीआधी काँक्रीटमध्ये आडव्या खाचा कोरलेल्या असतात आणि त्यांवरून बाटली उडून मागच्याच्या चाकाखाली जाते. हे सगळं पुढच्याने ओरडलं की तुम्ही मागच्याला ओरडून सांगायचं. पहिल्या दिवशी संकोच वाटतो. दुपारपर्यंत घसा बसतो.

उजवीकडे राहा. दोघांहून जास्त जण शेजारी शेजारी गप्पा मारत जाऊ नका. रस्ता सगळीकडे वाहनांना बंद नसतो, आणि रुग्णवाहिका याच रस्त्याने येते. म्हणून मधली रेघ ओलांडून पलीकडच्या भागात जायचं नाही, कितीही मोकळा दिसला तरी. थांबायचं असेल तर डांबर पूर्ण सोडून गवतावर उतरा. फोटो काढायला रस्त्यातच पाय टेकवणारा माणूस मागच्या पन्नास जणांना धोक्यात घालतो. अनोळखी माणसाच्या मागच्या चाकाला चिकटून वारा चुकवायचा मोह आवरा. कानात गाणी तर नकोतच.

आता भेगा. आयोवात काँक्रीटचे रस्ते खूप, आणि त्यांच्या पट्ट्यांमधल्या सांध्याला लांबच लांब भेग पडते. बारीक टायर तिच्यात बसला की बाहेर काढता येत नाही. २००४ मध्ये एका सायकलस्वाराचा अशाच भेगेवर पडून मृत्यू झाला होता. भेगेला समांतर राहून हळूहळू ओलांडू नका. थोडा कोन करून पटकन पार करा. रेल्वेच्या रुळांना तर काटकोनातच जा, आणि पाऊस पडलेला असेल तर उतरून चाला.

पंक्चर झालं आणि जमेना, तर सायकल उलटी करून कडेला उभे राहा. अमेरिकी हवाई दलाची सायकल टीम दरवर्षी या राइडमध्ये असते आणि अडलेल्यांना मदत करणं हे त्यांनी अंगावर घेतलेलं काम आहे. ट्यूब मात्र आपली हवी. अगदीच थकलात तर सॅग गाडी उचलून मुक्कामी सोडते. त्यात कमीपणा काही नाही, पण ती भरायला वेळ लागतो, त्यामुळे शेवटच्या क्षणापर्यंत वाट बघू नका.

खाणं, विशेषतः शाकाहारी

रॅगब्रायची ख्याती खाण्यासाठी आहे. गुलाबी बसवाला मिस्टर पोर्क चॉप, जुन्या इंजिनांवर फिरणारी बीकमनची आइस्क्रीम यंत्रं, पॅनकेक, आणि प्रत्येक चर्चचा पाय. हे सगळेच नुसते फेरीवाले नाहीत. गावातल्या स्टॉलवरचे पैसे शाळेच्या बँडला, अग्निशमन दलाला, चर्चच्या छपराला जातात, आणि गाव या एका दिवसासाठी कित्येक महिने राबलेलं असतं. खिशात एनर्जी बार भरून गावागावातून सुसाट निघून जाणारे लोक मला कळत नाहीत. प्रत्येक गावात थांबा, काहीतरी घ्या, स्टॉलमागच्या आजीबाईंशी दोन शब्द बोला. वारीची आठवण येईलच. फरक एवढाच की इथे विसाव्याच्या जागी बिअरचा तंबू असतो. बिअर मुक्कामावर पोचल्यावर घ्या, मधे नको. दुपारच्या उन्हात दोन ग्लास घेऊन गर्दीत उतारावर सुटलेला माणूस तुम्हाला दिसेल. त्याच्यापासून लांब राहा.

शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, पण डोळे उघडे हवेत. भाजलेलं मक्याचं कणीस, पास्ता, बटाटा, केळी, पॅनकेक, पीनट बटर सँडविच सगळीकडे मिळतं. फसवणारे पदार्थ वेगळेच आहेत. बेक्ड बीन्समध्ये बेकन असतं, फरसबीत हॅम, जेलोत (म्हणजे जेलीत) प्राणिज जिलेटिन. आणि पायचं कवच: जुन्या पद्धतीने करणाऱ्या बायका त्यात लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, घालतात. "लार्ड आहे की बटर?" असं सरळ विचारा, कुणाला राग येत नाही. फेअरफील्डसारखं, महेश योगींच्या महर्षी विद्यापीठाचं आणि म्हणून शाकाहारी जेवण सहज मिळणारं गाव मार्गावर आलं तर चैन; २०१९ मध्ये तिथे मुक्काम होता.

बॅगेत घरचं थोडं असू द्या: चिक्की, खजूर, खारे शेंगदाणे, कोरडी चटणी. चौथ्या दिवशी सगळं गोड-मिट्ट नकोसं होतं, तेव्हा चटणीची पुडी सोन्याच्या मोलाची ठरते. सायकलवर असताना भूक लागायची वाट बघू नका, दर पाऊण तासाने काहीतरी तोंडात टाका.

ऊन

"आम्हाला उन्हाची सवय आहे" हे वाक्य आपल्याकडचे लोक पहिल्या दिवशी म्हणतात. विदर्भातलं ऊन कोरडं असतं, घाम आला तसा वाळतो आणि अंग गार होतं. आयोवात जुलैमध्ये मका डोक्यावर गेलेला असतो आणि त्याची पानं हवेत प्रचंड बाष्प सोडतात. कडक उन्हाच्या दिवशी तापमान ३४-३५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, पण घाम वाळत नाही, आणि मैलोन्मैल एक झाड नसतं.

दर तासाला अर्धा ते पाऊण लिटर, कडक उन्हात आणखी थोडं. पण नुसतं पाणी ढोसणं घातक आहे, मीठ जायला हवं. भारतातून आणलेल्या इलेक्ट्रलच्या पुड्या इथे अगदी योग्य, एक पुडी एका लिटरला. एका बाटलीत ते, दुसऱ्या बाटलीत साधं पाणी. साधं पाणी डोक्यावर आणि मानेवर ओतायलाही उपयोगी पडतं. पूर्ण बाह्यांचा पातळ पांढरा शर्ट सनस्क्रीनपेक्षा भरवशाचा. लघवी गडद पिवळी झाली तर पुढच्या गावात अर्धा तास सावलीत बसा. डोकं दुखणं, मळमळ, अंगावर काटा येणं, घाम थांबणं, बोलण्यात गोंधळ यांतलं काही दिसलं, तर सायकल तिथेच ठेवा आणि मदत बोलवा. सोबत्याला असं होत असेल तर तो "मी ठीक आहे" म्हणेल, ऐकू नका.

मुक्काम

मुक्कामाच्या गावात मैदान, बाग, शाळेचं आवार तंबूंनी भरून जातं. काही रहिवासी आपल्या अंगणातही जागा देतात. तंबू सखल जागी किंवा मोठ्या झाडाखाली लावू नका. रात्रीची वादळं इथे जोरदार येतात, आणि लाऊडस्पीकरवर किंवा भोंग्यावर इशारा झाला की सामान सोडून जवळच्या पक्क्या इमारतीत, बहुधा शाळेच्या जिममध्ये, जायचं. ती इमारत कुठे आहे हे उजेडातच बघून ठेवा.

अंघोळीला शाळेतले शॉवर असतात किंवा शॉवरचे ट्रक, थोडे पैसे घेतात. चार ते सहा रांग लांब. पोचल्यावर लगेच किंवा थेट जेवणानंतर जा. तात्पुरत्या संडासांना इथे कायबो म्हणतात. पहाटे पाच ते सहा तिथली रांगही पाहण्यासारखी असते, त्यामुळे साडेचारला एकदा उठलेलं बरं. कागद स्वतःचा ठेवा.

शेवटचा दिवस

शनिवारी अंतर बहुधा कमी असतं, पण मिसिसिपीकाठच्या गावात उतरताना शेवटचा उतार बऱ्याच वर्षी तीव्र असतो, आणि घाई सगळ्यांनाच झालेली असते. तिथे ब्रेक आधीपासून दाबत या. पुढचं चाक नदीत बुडवायची रांग लागते. फोटोसाठी मागच्या माणसालाच फोन द्या, सगळे तेच करतात. परतीची बस आणि सायकल पाठवणारे ट्रक ठरलेल्या वेळी निघतात, त्यामुळे आधी तिकडची वेळ बघा आणि मग रांगेत उभे राहा. नदीचा गाळ चेनमध्ये आणि ब्रेकमध्ये बसतो. सायकल खोक्यात किंवा ट्रकमध्ये जाण्याआधी बाटलीभर साध्या पाण्याने चाक धुवा, फडक्याने चेन पुसा आणि तिला दोन थेंब तेल लावा.